बेडकाच्या यकृतातली पीएचडी

आमच्या नाशिकच्या झूलॉजी डिपार्टमेंटमधून संशोधन किती बाहेर पडतं ते विचारू नका. किस्से मात्र कपाटभर निघतील. त्यातले निम्मे वैशालीचे. ही माझी मैत्रीण, सुरगाण्याची. पीएचडीचा विषय बेडकाचं यकृत, म्हणजे त्यातल्या रक्तवाहिन्या आणि पेशींची रचना. बेडूक ताजे नाहीत हं, ते आता कापता येत नाहीत. सगळे म्युझियमच्या बरण्यांतले, आमच्याहून वयाने मोठे.

*

तिच्या आईने एकदा विचारलं, "एवढी वरसं काय बघतीस तिथं?"

"बेडकाचं यकृत."

आई म्हणाली, "केवढा मोठा बेडूक हाय त्यो?"

*

बरण्यांतल्या काही बेडकांच्या धमन्यांत लाल आणि शिरांत निळा रंग भरलेला असतो, शिकायला सोपं जावं म्हणून. एफवायच्या एका मुलीला बिनरंगाचा बेडूक मिळाला. ती तडक आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे गेली. "मॅडम, हा बदलून द्या. डिफेक्टिव्ह आहे, शिरा निळ्या नाहीत."

*

वैशालीला अंबडच्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं. मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, काय काम करतेस? हिने मोबाइलवर स्लाइडचा फोटो उघडला. यकृताचा पातळ काप, रंगवलेला, गुलाबी-जांभळा, मधे रक्तवाहिन्यांची नक्षी. बाई चष्मा सावरून बघत राहिल्या.

"अय्या, ही साडी कुठे मिळेल गं?"

वैशालीने खरं सांगितलं. स्थळ काही जुळलं नाही.

*

आणि व्हायवा. दसऱ्यानंतर लगेच होती. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे जमदग्नी. आधीच्या मुलाला त्यांनी सरळ परत पाठवलं होतं. वैशालीला तर घरून बजावलेलं, या खेपेला नाही झालं तर गाशा गुंडाळून घरी ये. ती रात्रभर झोपली नव्हती.

परीक्षक सरांनी घाम पुसला, मायक्रोस्कोपला दोन्ही डोळे चिकटवले आणि बराच वेळ स्लाइड बघितली. मग मान वर केली. दोन्ही डोळ्यांभोवती लालभडक गोल!

खंडेनवमीला आम्ही मायक्रोस्कोपची पूजा करतो. आयपीसना, म्हणजे डोळे लावायच्या नळ्यांना, कुंकू मॅडमनी स्वतः लावलं होतं, तेही सढळ हाताने. मॅडम एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"यकृतात येणाऱ्या या मोठ्या शिरेत रक्त कुठून येतं?" सरांनी दरडावून विचारलं.

वैशाली टेबलाकडे बघत म्हणाली, "जठराकडून, सर. आणि आतड्यांकडून."

"माझ्याकडे बघून सांगा."

तिने बघितलं. टेबलाची कड घट्ट धरून, ओठ दाबत दाबत पुन्हा सगळं सांगितलं. खांदे हलत होते, गालांवरून पाणी ओघळत होतं.

सर विरघळले. "अहो, रडता काय? झालात तुम्ही डॉक्टर." आणि सही केली.

त्यांना ओझरहून विमान गाठायचं होतं. आम्ही सगळे टॅक्सीपर्यंत पोचवायला गेलो. सरांनी काच खाली केली आणि म्हणाले, "नाशिकची माणसं फार हसरी हो."