चार बोटं आखूड

"झोप नाय लागली. खोला."

जेवण झालं की तयार गाडीच्या मागच्या फळीवर आडवं व्हायचं, टोपी डोळ्यांवर ओढायची आणि अर्ध्या तासानं उठून निकाल द्यायचा, ही आमच्या मिस्त्रींची गाडी तपासायची रीत. घोरणं ऐकू आलं की आम्ही कामगार मोकळे. नाही आलं तर फळ्या, स्क्रू, गादी, सगळं पुन्हा सुटं व्हायचं.

"गाडी काय, कुठंबी चढल," ते म्हणायचे. "पण मालकाची पाठ मोडली तर सकाळी उठून पहिली शिवी मलाच देईल."

त्र्यंबक रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. लिलावातून घेतलेल्या जुन्या जीपा आणि पिकअप घेऊन हौशी लोक यायचे. मिस्त्री कमानपाटे वाढवून गाडी उंच करायचे, पुढं जाड पाइपाचं गार्ड, बाजूला पाण्याची टाकी, मागं घडीची फळी आणि स्टोव्हची पेटी बसवायचे. वर ताडपत्रीचं हूड. त्याच्या बाजू उचलून काठ्यांवर ताणल्या की तंबू तयार. असं काम करणाऱ्या माणसाला डोंगरदऱ्यांची हौस असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

"घरात पलंग हे. पलंगावर गादी हे. ते सोडून हा बाबा दगडात झोपायला जातो आन् मी त्याला पाटे वाढवून देतो. पाप कोणाला लागल, मास्तर?"

मास्तर म्हणजे मी. शिवणयंत्रावर बसतो तो मास्तर, त्याला शिक्षण लागत नाही. मी सातवीत शाळा सोडलेला, किनवटाकडचा. तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. बायको आणि आई गावी, आणि नाशकात ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. हूड शिवायला माणूस पाहिजे एवढं ऐकून मी शेडमध्ये शिरलो होतो. मिस्त्रींनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. ताडपत्रीचा एक तुकडा पुढं टाकला आणि म्हणाले, "दुहेरी शिलाई मार." मारली. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, फाटली नाही. त्या दिवसापासून मी तिथं होतो, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी मला वाटायचं, आज हे आपल्याला काढणार.

मिस्त्रींची एक गोष्ट मात्र सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. त्यांना गाडी लागायची. उभ्या गाडीत घोरणारा हा माणूस चालत्या गाडीत सातपूरच्या पुढं टिकायचा नाही. एसटीतून घोटीला बहिणीकडं जायचं तर आदल्या दिवसापासून उपास. पुढं पुष्कळ वर्षांनी ते गेले, तेव्हा त्यांना खांद्यावरूनच नेलं. वाटेत आमचा वेल्डर हळूच म्हणाला, "बरं झालं गाडी नाही सांगितली. लागली असती." आम्ही रडत होतो, त्यातच हसलो. त्यांना आवडलं असतं.

तर मी सांगतोय ती गोष्ट वकीलसाहेबांच्या पिकअपची. ऐंशी सालानंतरची, नवरात्राच्या आधीची. हे वकीलसाहेब सुट्टीत पेठ-हरसूलच्या रानात जाऊन पाखरांचे फोटो काढायचे. त्यांना सगळं पाहिजे होतं: फळी, टाकी, स्टोव्ह, फोटोच्या सामानाला कोरडी पेटी, आणि थेंब आत येणार नाही असं हूड.

सुती ताडपत्री कापण्याआधी दिवसभर भिजत घालायची, मग उन्हात कडक वाळवायची. ती पहिल्या पाण्याला आटते, म्हणून आटवून मगच कात्री लावायची. हे मला येत होतं. पण मिस्त्री म्हणाले होते, "गुरुवारी गाडी द्यायची," आणि भिजवलं असतं तर शुक्रवार उजाडला असता. तेवढं सांगायची मला छाती झाली नाही. कोरडंच कापलं.

"कापड भिजवलं का, मास्तर?"

"हो."

गुरुवारी हूड झकास बसलं. मिस्त्री त्याखाली तासभर घोरले. मग त्यांच्या रिवाजाप्रमाणं गाडीला आंघोळ घातली. नळी धरून, वरपासून खालपर्यंत, नव्या नवरीसारखी. दुपारच्या उन्हात हूड वाळू लागलं आणि मला दरदरून घाम फुटला. वकीलसाहेब संध्याकाळी आले तोवर ते चार बोटं आखूड झालं होतं. मागच्या पितळी रिंगा कड्यांपर्यंत पोचेनात.

"मिस्त्री," वकीलसाहेब गाडीभोवती फिरून म्हणाले, "धाकट्या भावाचा सदरा घातलाय हिला?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. "भिजवलं म्हणाला होतास."

"घाबरलो."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मला?" त्यांचा चेहरा असा झाला की शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "अरे, माझी बायको घाबरत नाय मला. शेजारची कोंबडी घाबरत नाय."

वकीलसाहेब हसले नाहीत. "हा माणूस आधी काढा," म्हणाले. "खोटं बोलणाऱ्याच्या शिलाईच्या भरवशावर मी माझा कॅमेरा ठेवू?"

"दोन दिवस द्या," मिस्त्री म्हणाले. "हाच पट्टी जोडल. मग तुम्ही पेठकडच्या ओढ्यातनं गाडी घाला. मास्तर मागं हुडात बसल. त्याचा सदरा भिजला तर मीच त्याला काढतो, आन् हूड दुसऱ्याकडनं शिवून देतो."

"याच्या सदऱ्यावर माझा विश्वास नाही. भिजला तरी कोरडाच म्हणेल. तुम्ही बसा."

वेल्डरनं तोंडावर हात धरला. मिस्त्रींनी कान खाजवला, आधी एक, मग दुसरा.

"बसतो," ते म्हणाले.

पट्टीचं कापड मी दोनदा भिजवलं. टाक्यांवर मेण एवढं घासलं की बोटांची सालं निघाली. रविवारी निघालो. मी पुढं वकीलसाहेबांशेजारी. मागं हूड बंद करून मिस्त्री, पांढरा धुवट सदरा घालून, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात बादली. ती बादली गंगापूर रस्ता सुटायच्या आत कामाला लागली. ओढ्यापाशी कच्ची उतरण होती. गाडी खालच्या गिअरमध्ये दगडांवरून डुलत पाण्यात शिरली. एक चाक जागीच फिरलं आणि पाण्याचा लोट थेट हुडावर आला.

वकीलसाहेब ओरडले, "मिस्त्री! पाणी येतंय का आत?"

"आत नाय येत!" मागून आवाज आला. "आतलंच भायेर जातंय!"

पलीकडच्या काठाला मी हुडाचा मागचा पडदा उघडला. मिस्त्री फळीवर बसले होते, हिरव्या वाटाण्याच्या रंगाचे. त्यांनी सदऱ्याची बाही पुढं केली. वकीलसाहेबांनी बोटांनी चाचपली, मग माझी पट्टी आतून चाचपली. कोरडी होती.

"असा साक्षीदार मला कोर्टात कधी मिळाला नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "चला, घरी सोडतो."

"तुम्ही व्हा फुडं. मी आता मेलो तरी हिच्यात बसत नाय."

गाडी गेली. आम्ही दोघं डांबरी रस्त्याकडं चालू लागलो. भात पोटरीत आलं होतं, रस्त्याला माणूस नव्हतं. मला रडू येत होतं, पण मिस्त्री बादली हलवत पुढं चालले होते, आणि बादलीमागं चालत रडणं काही जमेना. पेठकडून एसटी आली. मी हात करणार तोच ते म्हणाले, "जाऊ दे तिला." पुढं दुसरी आली. तीही जाऊ दिली.

मग त्यांनी विचारलं, "गावाकडं कोण कोण हे तुझ्या?"

मी सांगितलं. आई, बायको, दोन शेळ्या.

"शेळ्या राहू दे तिकडं," मिस्त्री म्हणाले. "बायकोला आन् आईला घेऊन ये. शेडमागं खोली रिकामी हे."