डोहाळजेवणाच्या होडीत गळाची दोरी

आमच्याकडे समुद्रात मासे धरायला जायचं म्हणजे खरं तर पुरुषांचं काम. बाबा, मिलमधले त्यांच्या खात्यातले दोन-तीन जण, एखादा पाहुणा, असे रविवारी भाऊच्या धक्क्यावरून होडी करून निघायचे, संध्याकाळी उन्हाने काळे होऊन परत यायचे आणि मासा किती मोठा होता ते हातांनी दाखवायचे. जो दाखवायचे तो नेहमी सुटलेला असायचा. बायका कधी गेल्या नाहीत. गेल्या त्या एकदाच, आणि त्या एकदाचंच मला सांगायचंय. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगायला घेतलं की घंटा होते आणि अर्धं राहतं, म्हणून सगळं एकदम लिहूनच काढते.

आधी घर सांगते, नाहीतर काही कळणार नाही. लालबागला आमची एक खोली. त्यात आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. आम्ही मालवणकडचे, म्हणजे खोलीत पाच माणसं आणि माशाचा वास असं धरायचं. वहिनी मात्र साताऱ्याकडची, माणदेशातली. तिच्या गावात प्यायलाच पाणी नव्हतं तर मासे कुठून असणार. लग्न होऊन आली तेव्हा ती आमच्या ताटांकडे बघायची नाही, पण बोललीही कधी नाही. तशी ती बाबांशी काहीच बोलायची नाही. सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, ही तिच्याकडची रीत. बाबा समोर हातभर अंतरावर बसलेले असायचे तरी ती आईला म्हणायची, आत्याबाई, मामंजींना भात वाढू का विचारा. मग आई विचारायची, बाबा आईला सांगायचे, आई वहिनीला सांगायची. दहा बाय बाराच्या खोलीत हा सगळा टपालाचा कारभार.

वहिनीला दिवस गेले आणि चौथा महिना लागता लागता एके दिवशी आईने तव्यावर बांगडा टाकला, तशी वहिनी मोरीकडे धावली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बाबांनी ताट पुढे सरकवलं. म्हणाले, आजपासून ह्या खोलीत मासा शिजणार नाही. कुणी मागितलं नव्हतं. वहिनीने तर नाहीच. पण बाबांनी एकदा म्हटलं की झालं. वर हेही म्हणाले की घरात नाही तर बाहेरही नाही. हे दुसरं कलम आम्हाला लागू आहे का ते आम्ही विचारलं नाही. दादा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामाला म्हणून फिरायचा तो परळच्या खानावळीत जेवून यायचा, आई शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जायची आणि रिकामी घेऊन यायची. माझं विचारू नका. खरं पाळलं ते एकट्या बाबांनी. तीन महिने डाळ, वाल, वांगं, पुन्हा डाळ. मिलमधून आले की ताटाकडे बघायचे आणि जेवायला बसायच्या आधी थोडा वेळ नुसते उभे राहायचे.

तेव्हा सगळीकडे ती चळवळच चाललेली. मैदानावर सभा, चाळीच्या गॅलरीत बोर्ड रंगवणं, आमच्या खोलीतही रात्रंदिवस तोच विषय. दादा एकदा ताटावर बसून सांगत होता की आता काही लांब नाही, दिल्लीला नमावं लागणार. बाबा वालाची आमटी ढवळत म्हणाले, "महाराष्ट्र होतलो तेव्हा होतलो. बांगडो कधी होतलो तां सांग." 

सातवा महिना लागला तशा शेजारच्या काकू डोहाळजेवणाचं बघायला आल्या. चाळीतलं कुठलंही कार्य काकूंच्या हातून व्हायचं. त्यांनी वहिनीला विचारलं की कसले डोहाळे लागलेत. वहिनी बराच वेळ पदराचं टोक बघत बसली. मग म्हणाली, होडीत बसावंसं वाटतंय. हे काकूंच्या सवयीचं होतं. होडीतलं डोहाळजेवण बऱ्याच जणींचं करतात. पुठ्ठ्याची होडी करायची, रंगीत कागद लावायचे, पुढे बाईला बसवायचं आणि फोटो काढायचा. काकू पुठ्ठ्याचा हिशोब करायला लागल्या. तेवढ्यात बाबा, जे बायकांच्या बोलण्यात कधी पडत नाहीत, कोपऱ्यातून म्हणाले की पुठ्ठ्याची कशाला, खरी होडी करू, नाखवा ओळखीचा आहे. आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं झालं आता. पण वहिनी पहिल्यांदाच हसली होती, त्यामुळे कुणाला नको म्हणता येईना.

रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर. वहिनी हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने. काकूंच्या डोक्यावर ओटीची टोपली. आईकडे पुऱ्या, श्रीखंड, मसालेभात. आणि बाबांच्या खांद्यावर गळाच्या दोऱ्यांची गुंडाळी, जिच्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. त्या दिवसांत जमावबंदी होती. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र दिसायचं नाही. आम्ही वहिनी धरून सहा, पोटातलं धरलं तर सात. हवालदाराने अडवलं. कुठला मोर्चा म्हणून विचारलं. काकूंनी टोपलीवरचं फडकं उचलून हळदकुंकू, नारळ, गजरे दाखवले आणि पोटावर बंदी आहे का म्हणून विचारलं. हवालदार वाकला, वास घेतला, टोपलीत पुन्हा बघितलं आणि जा म्हणाला. त्याने दोनदा का बघितलं ते तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

तर त्या टोपलीचं. गळाला लावायला बाबांनी पहाटे बाजारातून कोळंबी आणली होती. बाकीचे लोक गळाला लावायला कालची, वास मारणारी कोळंबी घेतात, स्वस्तात मिळते. बाबांना ते जमत नाही. कोळंबी समोर दिसली की ते ताजीच बघून घेतात, मग ती माणसाला असो की माशाला. आईने एकदा त्यावरून बोलून बघितलं होतं. "माशांनी काय पाप केलां म्हणून तेंका कुजकी घालू?" असं उत्तर मिळालं होतं. आता ही कोळंबी वहिनीच्या नाकाखालून होडीपर्यंत न्यायची कशी. बाबांनी ती सोलून, घट्ट झाकणाच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डबीत भरली आणि डबी काकूंच्या टोपलीत, गजऱ्यांच्या खाली सारली. मोगऱ्यापुढे कोळंबीचा वास काय टिकणार, हा त्यांचा विचार. कुणाला सांगितलं नाही. टोपलीत काकूंच्या आणखी दोन डब्या होत्या, त्याही जर्मनच्या, त्याही तेवढ्याच. एकीत पेढा, एकीत बर्फी. त्या मागून निघायच्या होत्या.

होडी निघाली घारापुरीच्या दिशेला. वहिनीला बोट लागेल म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो आणि लागली दादाला. तो सबंध वेळ काठावर वाकून होता. वहिनी आपली पाण्याकडे बघतेय, मध्येच हात बुडवतेय, एवढं पाणी कुणाच्या मालकीचं म्हणून मला विचारतेय. बऱ्यापैकी आत गेल्यावर नाखव्याने नांगर टाकला. पुढच्या बाजूला काकूंनी पाट मांडला, मागच्या बाजूला बाबांनी दोरी सोडली. टोपलीतली डबी त्यांनी गुपचूप काढली, काही कोळंब्या पानात काढून घेतल्या आणि डबी परत होती तिथे ठेवली, कारण उन्हात ठेवली तर खराब होईल. गजऱ्यांखाली थंड.

काकूंनी डोहाळ्यांची गाणी सुरू केली. नाखवा म्हणाला, एवढ्या गाण्यात मासा जवळ येत नसतो. काकू म्हणाल्या, गाणी माशासाठी नाहीतच. बाबा मध्ये पडले नाहीत, पण दर कडव्याला दोरी थोडी लांब सोडत होते. मासे आमिष खात होते, गळ सोडून देत होते. बाबा दोरी ओढायचे, रिकामा गळ बघायचे, पानातली आणखी एक लावायचे. पानातली सगळी संपली. एकही मासा नाही.

मग पेढा-बर्फीची वेळ आली. तुम्हाला माहीतच असेल, दोन झाकलेल्यांतलं एक उचलायला लावतात, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आमच्या काकू ह्यात फार कडक. कुणी खूण ठेवू नये म्हणून त्या डब्या पदराखाली घेऊन, डोळे मिटून खालीवर करतात आणि मग दोन काढून ठेवतात. टोपलीत हात घालून त्यांनी डब्या पदराखाली घेतल्या, खालीवर केल्या, दोन काढल्या. डब्या दोनच्या तीन आहेत हे हाताला लागलं असणार, पण गाणं चालू होतं.

वहिनीने डावीकडची उचलली. झाकण काढलं.

आत सोललेली कोळंबी.

काकूंचं गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी समुद्राकडे बघितलं. दादा स्वतः काठावर होता तरी त्याने बादली वहिनीकडे ढकलली. मी तिचे फुलांचे दागिने मागून धरले, ओकताना खराब होऊ नयेत म्हणून. सगळे तयार. वहिनी डबी नाकाजवळ नेऊन बसली होती. बसलीच होती. मग तिने आईला विचारलं,

"आत्याबाई, ह्याचं कालवण करत्यात का तळत्यात?"

आई म्हणाली, दोन्ही करतात, का?

मग तिने सांगितलं, अगदी हळू. ओकाऱ्या कधीच्या थांबल्या होत्या. महिना झाला, दुपारी काकू बोंबील तळायला लागल्या की ती गॅलरीत त्यांच्या दारापाशी जाऊन उभी राहायची, वाळत घातलेले कपडे वाळले का बघायला. वाळलेले असायचे. दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं. होडीचे डोहाळे तिला नव्हतेच. होडीवरचे लोक मासे शिजवून खातात असं तिने ऐकलं होतं, म्हणून होडी.

आई म्हणाली, मग बोलायचं नाही होय गो.

"कशी बोलू? माझ्यापायी मामंजींनी सोडलं. आन् आता मीच मागू, कुठल्या तोंडानं?"

बाबा होडीच्या मागच्या टोकाला, ऐकू येईल एवढ्यावरच बसलेले होते, पण हे तिने आईला सांगितलं. बाबांनी सगळं ऐकलं. आईने रीतीप्रमाणे वळून त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, ऐकलंय मी. उठले, वहिनीच्या हातातली डबी आईमार्फत मागून घेतली आणि नाखव्याला दिली. त्या डबीत होती तेवढीच कोळंबी उरली होती. ती शिजली की मासे धरणं संपलं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि बाबांना सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांनी जागेवर येऊन नुसता गळ पाण्यात सोडला आणि दोरी धरून बसले.

नाखव्याची मागे पत्र्याच्या डब्यात चूल होती. त्याने हळद, लाल मसाला लावून कोळंबी तव्यावर टाकली, वर चिंचेचं पाणी शिंपडलं. तो वास आला तसं दादाचं पोटसुद्धा जागेवर आलं. तो सरसावून बसला तर काकूंनी त्याला सांगितलं की डोहाळ्याच्या ताटातलं दुसऱ्याने खायचं नसतं. श्रीखंडपुरी आम्ही खाल्ली. सगळ्यात जास्त नाखव्याने. वहिनीने श्रीखंडाला हात लावला नाही. पुरीशी कोळंबी, बोटं चाटून, मान खाली घालून. बाबा पाठमोरे. तीन महिन्यांनी त्यांच्या नाकाशी कोळंबी तळली जात होती आणि ते दोरी धरून घारापुरीकडे बघत होते. एकदाच त्यांनी न वळता विचारलं, कुणाला ते कळलं नाही, "कशी लागता?"

आई उत्तर आणायला वहिनीकडे वळली. वहिनी ताट घेऊन उठली. होडी हलत होती, मी म्हटलं बस, तर नाही. पोट सांभाळत, फुलं सांभाळत ती होडीच्या मागच्या टोकापर्यंत गेली आणि बाबांसमोर ताट धरलं. ताटात एक कोळंबी राहिली होती, सगळ्यात मोठी.

"मामंजी, ह्ये तुम्ही खावा."

बाबांनी आधी आईकडे बघितलं. टपाल नेहमी तिथून यायचं. मग म्हणाले, "नको गो. तुझे डोहाळे ते, तूच खा."

"मामंजींनी खावं, ह्येच डोहाळे लागल्यात."

आता ह्याला काय करणार. डोहाळे मोडायचे नसतात. काकूंनी मान हलवून नियमात बसतं असं सांगितलं. बाबांनी दोरी पायाखाली धरली, उजवा हात धोतराला पुसला, कोळंबी उचलली आणि तोंड समुद्राकडे करून खाल्ली. बराच वेळ चावत होते. कोळंबीला एवढं चावावं लागत नाही. मग त्याच बाजूला तोंड ठेवून म्हणाले, मीठ कमी हा. वहिनी म्हणाली, मला बी तसंच वाटलं. दोघांचं एकमेकांशी झालेलं पहिलं बोलणं ते एवढंच.

परत येताना नाखव्याने दोनदा सांगितलं की गळाला काही नाही, दोरी गुंडाळा आता. बाबांनी ती धक्का लागेपर्यंत पाण्यात ठेवली. पेढा आणि बर्फी दोन्ही दादाने वाटेत खाऊन टाकलं, त्यामुळे मुलगा की मुलगी ते काही कळलं नाही.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, बाजार उठलेला. उद्या सकाळीच जातो, बाबा म्हणाले. आईने सांगितलं, उद्या सोमवार. सोमवारी आमच्याकडे मासा आणत नाहीत, बाबांचा शंकराचा उपास असतो, लग्नाआधीपासूनचा. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि नुसते उभे राहिले. तेव्हा मोरीतून भांडी घासता घासता वहिनीने, आईला मध्ये न घेता, हाक मारून सांगितलं,

"मामंजी, मंगळवारी पिशवी मोठी न्या."