सिरसाळ्याच्या उन्हात दोन ग्राफिक्स कार्डं

सिरसाळ्याला जायचं मी ठरवलं ते महानंदाच्या एका वाक्यामुळे. "संजय, मला मशीन उघडता येतंय का न्हाई, ते तरी येऊन बघ," असं ती फोनवर म्हणाली. मोबाइलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे ते दिवस. येतो म्हणून मी फोन ठेवला.

महानंदा पॉलिटेक्निकला माझ्या वर्गात होती. लग्न मोडून माहेरी परतली तेव्हा तिच्या वडिलांनी, अप्पांनी, कापडदुकानाचा पुढचा अर्धा भाग तिला दिला. तिथे तिने चार संगणकांचं गेम पार्लर काढलं. मी पुण्यात संगणकाच्या दुकानात विक्रीला होतो. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र पडद्यावर रंगवणारा भाग, कुठलं घेऊ असं तिने मलाच विचारलं होतं. मी म्हणालो तेच तिने घेतलं. आता खेळ रंगात आला की मशीन अडकत होतं आणि आलेलं गिऱ्हाईक परत येत नव्हतं. पार्लर बंद कर आणि भावाकडे राहायला जा, असं घरात बोललं जाऊ लागलं होतं.

बाजारात तेव्हा दोन कंपन्यांची चुरस होती. मी त्यांना डब्याच्या रंगावरून ओळखायचो. निळ्या डब्याची कंपनी दर काही महिन्यांनी नवं, आणखी वेगवान कार्ड आणायची, मासिकांत त्याचे आकडे झळकायचे, आणि जास्त विकणाऱ्या दुकानांना बक्षिसं असायची. पिवळ्या डब्याची कंपनी मागच्या पिढीचीच चिप, वेग थोडा कमी करून, स्वस्तात द्यायची. जाहिरात फारशी नाही, पण कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर मात्र वेळच्या वेळी सुधारून यायचं. निळं साडेसहा हजारांच्या आसपास, पिवळं चार हजारांच्या आत. महानंदाकडे चारही निळी होती. मी दोन पिवळी पिशवीत टाकली, वर दोन शर्ट कोंबले आणि सकाळची एसटी धरली.

पुण्याहून नगर, मग कडा, आष्टी, जामखेड करत बीड. मे महिन्यात जाणार असाल तर खिडकी उजवीकडची नको, दुपारनंतर त्या बाजूला बसवत नाही. जामखेडला गाडी थांबते तिथे भजी बरी मिळतात, पाणी मात्र आपलं न्यावं. बीडला गाडी बदलून वडवणी, तेलगाव असा रस्ता. काळी रानं नांगरून उलथी पडलेली, मैलोगणती सावली नाही. पिशवी मी मांडीवरच ठेवली होती. धक्क्याने कार्ड बिघडेल म्हणून, असं स्वतःला सांगत होतो. खरं तर महानंदाला काय सांगायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

सिरसाळ्यात उतरलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. तूर, कापूस, खतं यांच्या दुकानांच्या ओळीत पार्लर लगेच सापडलं. महानंदाने हसून बसायला सांगितलं नाही. पेचकस हातात देऊन म्हणाली, "उघड."

मी चारही मशीन उघडली. आत धूळ नव्हती. वायरी नीट बांधलेल्या होत्या, आणि तिने स्वतःहून एकेक पंखा जास्तीचा लावला होता. इतकं स्वच्छ काम मी पुण्यातही क्वचित पाहिलं होतं.

"काय चुकलंय?" तिने विचारलं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि दही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज जाणार हे ठरलेलंच होतं. दुपारपर्यंत काम होणार नाही म्हणून अप्पांनी मला स्कूटरवर मागे घेतलं आणि परळीवरून धर्मापुरीला नेलं. तिथलं जुनं शंकराचं देऊळ चुकवू नका. बाहेरच्या भिंतींवर कोरलेल्या बायका आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे दागिनेसुद्धा मोजता येतात. आत दगड थंडगार. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, पिंडीपुढे बराच वेळ डोळे मिटले. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि एकदम म्हणाले, "एक इचारू? खरं सांगा. दोष कार्डात हाय का पोरीत?"

"पोरीत नाही, अप्पा."

"सासरचे म्हणायचे, हिला काईच जमत न्हाई. आता तीबी तसंच म्हणाया लागली. लई दिवस झाले, नीट जेवत न्हाई ती."

मग मी सांगून टाकलं. निळं कार्ड फार तापतं अशा तक्रारी तिला कार्डं पाठवायच्या आधीच आमच्या दुकानात आल्या होत्या. मला त्या ठाऊक होत्या. पण त्या महिन्यात निळ्या डब्यांवर बक्षीस होतं.

अप्पा रागावले नाहीत. उपरण्याने तोंड पुसून म्हणाले, "हे मला काहून सांगता? तिला सांगा."

दुपारी वीज आली. पार्लरमध्ये आम्ही दोघंच होतो. मी जसंच्या तसं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वही ओढली आणि म्हणाली, "आधी टेस्ट करू. तुझ्या शब्दावर आता काईच न्हाई."

तिने एका मशीनमध्ये निळं राहू दिलं, शेजारच्यात पिवळं बसवलं. दोन्हीवर मोटारींच्या शर्यतीचा तोच गेम लावला. पडद्याच्या कोपऱ्यात एका सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा दिसत होता. निळ्याने सुरुवात केली ती साठच्या वर. गाडी अशी पळत होती की बघत राहावं. पिवळं चाळिसाच्या आतबाहेर. अर्ध्या तासाने छताचे पत्रे तापले, वीज कमी दाबाने येऊ लागली. निळं पन्नासवर आलं, मग तिसावर, आणि एका वळणावर गाडी तिरपी होऊन तशीच गोठली. पिवळं चाळिसावरच होतं. तासभर, दोन तास. महानंदा दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होती. मासिकांतले आकडे थंड खोलीतले होते. सिरसाळ्याचे आकडे कुणी घेतलेच नव्हते.

पान भरल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "सहा महिने मी माझ्या हातांना दोष दिला," ती म्हणाली. "मशीन अडकलं की गिऱ्हाइकाची माफी मागायची. घरात येऊन परत मॅन्युअल वाचायचं." आवाज चढला नाही. मला त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मला माफ कर," मी म्हणालो.

ती निळ्या कार्डावरचा स्क्रू काढू लागली. "हे चारी घेऊन जा. अजून दोन पिवळी पाठव."

तिसऱ्या दिवशी अप्पा स्टँडवर सोडायला आले. धपाट्यांची पुरचुंडी दिली. "शरणार्थ," असा लिंगायतांचा नमस्कार केला आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

पुण्यात मालकांसमोर मी चार कार्डं आणि तिच्या वहीतल्या पानाची नक्कल ठेवली. त्यांनी पान दोनदा वाचलं, मला दोन तिखट शब्द सुनावले आणि पिवळी कार्डं पाठवायला होकार दिला. निळ्याची बक्षीस योजना त्यानंतरही चालूच राहिली. वर्षभरात मी ते दुकान सोडलं.

पार्लर बंद पडलं नाही. परळी, माजलगावचे पार्लरवाले कार्ड घेण्याआधी महानंदाला विचारू लागले, असं अप्पांकडून कळलं. तिचं मात्र एकच पत्र आलं, त्या पावसाळ्यात. "चारी मशीन नीट हायेत," इतकं तिच्या ठसठशीत अक्षरात, आणि खाली, "मैत्रीचं मी अजून ठरवलेलं न्हाई."

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. काहीही लिहिलं असतं, तरी तो पुन्हा माझा नुसता शब्दच झाला असता.