कोनच्या गच्चीवरचा कोरा कागद

भूतबाधा, आत्मा वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगतो. माझं कामच हवा मोजायचं. हवेत काय आहे ते मशीन सांगतं, बाकी सगळ्या बाता... असं मी तेव्हापर्यंत म्हणायचो.

२०१० च्या आसपास मी एका खाजगी लॅबमध्ये होतो. पनवेलजवळच्या कोन गावाने कारखान्यांच्या धुराची तक्रार केली होती, म्हणून आम्ही दोन गच्च्यांवर मशीन बसवली. मशीन दिवसभर हवा ओढतं आणि धूळ पांढऱ्या फिल्टर पेपरवर बसते. शाळेवरचा पेपर काळाकुट्ट निघाला. शेजारच्या काकींच्या गच्चीवरचा मात्र कोरा! मोटर तपासली, मशीनची अदलाबदल केली – तरी कोराच. असा रिपोर्ट गेला तर तक्रार फेटाळतील, असं साहेबांनी बजावलं. नुसता वैताग!

शेवटी काकींनाच विचारलं, स्विच बंद करता का? त्यांनी गच्चीवरची रिकामी खाट दाखवली. काका दम्याने गेले होते. शेवटपर्यंत तिथेच बसून धुराला शिव्या द्यायचे. नातीलाही दमा होता, पण ते गेल्यापासून पोर एकदाही खोकली नव्हती. "सगला धूर तेच गिलून घेतात," काकी म्हणाल्या.

मी वैतागून बोललो, मग त्यांना म्हणावं एक दिवस सुट्टी घ्या.

काकी खरंच खाटेपाशी गेल्या. "आयकता का? उद्या नका गिलू. सायबाचा कागद काला होऊ द्या. गावाचा काम हाय."

दुसऱ्या दिवशी पेपर शाळेवरच्यापेक्षा काळा! मी खूश. रिपोर्ट वर गेला आणि वरच राहिला. धूर होता तसाच.

महिन्याभराने मशीन काढायला गेलो, तर ओट्यावर नात तोंडाला पंप लावून बसलेली. छाती भात्यासारखी चाललेली. काकी माझ्यावर भडकल्याच होत्या.

"रोज सांगते, परत धूर गिला म्हनून. नाय आयकत. तुमी सुट्टी दिलीत ना? आता तुमीच बोलवा त्यांना."

त्या दिवशी मी गुपचूप वर गेलो आणि, शिकलेला माणूस, रिकाम्या खाटेला म्हणालो – काका, आमच्याकडून काही होणार नाही. तुम्हीच बघा.