सुमय्या सिस्टरचा कायदा

लातुरात एखादी नर्स कायदा शिकते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग तिच्याशी जरा जपून बोलायला लागतात. सुमय्याला दोन्हींची सवय झाली होती. चाळिशी ओलांडलेली बाई, वीस वर्षं लोकांना सुया टोचत आलेली, आणि आता सकाळी रोट्या लाटताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून वैद्यकीय कायद्याची व्याख्यानं ऐकायची. कोर्स परगावच्या विद्यापीठाचा, वर्षभराचा, सगळा ऑनलाइन. शिकवणारे इंग्रजीत सुसाट सुटायचे. ही एकेक वाक्य तीनतीनदा मागं नेऊन ऐके आणि मराठीत वहीत उतरवून घेई. रोटी करपायची ती करपायचीच.

या उद्योगाला दोन कारणं होती. एक चारचौघांत सांगण्याजोगं, एक घरातलं.

सांगण्याजोगं कारण म्हणजे डॉक्टर वीरभद्र यांचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल, जिथं ती कामाला होती. जागा क्लासवाल्यांच्या भागातली. चहूकडं होस्टेलं, भिंतीभर नंबरात आलेल्यांचे फोटो, आणि आपलाही फोटो तिथं लागावा म्हणून पार किनवटपासून आलेली पोरं. धड न जेवता, न झोपता अभ्यास करायची आणि पोट धरून वीरभद्र सरांकडं यायची. सोबत आईबाप नसत. होस्टेलचा रेक्टर येई आणि त्याच्या फायलीत एक कागद असे. जूनमध्ये प्रवेश घेतानाच आईबापांची कोऱ्या संमतीपत्रावर सही घेऊन ठेवायची, ही तिथली रीतच. पुढं दात काढायचा असो की पोट उघडायचं असो, मजकूर भरायला रेक्टर मोकळा. असल्याच कागदाच्या भरवशावर सरांनी मागल्या वर्षी एका पोराचं ऑपरेशन केलं आणि त्याचे चुलते-मामे दोन गाड्या भरून आले. "आमाला कुणी इचारलं?" हा त्यांचा एकच प्रश्न. दाराच्या काचा फुटल्या, सरांना तीन दिवस पोलीस ठाण्याच्या चकरा पडल्या. त्यानंतर सर म्हणाले, आपल्यात कायदा कळणारं एक तरी माणूस पाहिजे. सुमय्या म्हणाली, मी शिकते.

घरातलं कारण म्हणजे तिची अम्मी, हसीना. औशाची. डोक्यावर टोपली घेऊन खेडोपाडी बांगड्या भरायला जायची. त्र्याण्णवच्या भूकंपात ती किल्लारीकडच्या एका गावात मुक्कामाला होती. भिंत पायावर पडली. दुसऱ्या दिवशी मदतीच्या तंबूत कुणा डॉक्टरनं तिचा पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आली तेव्हा चादर एका बाजूला सपाट. तेव्हापासून तीस वर्षं अम्मीचं एकच पालुपद: "मेरेकू कोई पूछे नै." अकरा वर्षांची सुमय्या ते ऐकत मोठी झाली, नर्स झाली, आणि कुणाला न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही हे तिच्या रक्तात भिनलं. कायद्यात संमतीचा धडा आला तेव्हा तिला वाटलं, हा आपल्यासाठीच लिहिलाय. त्या धड्याचे दोन भाग होते. पहिला तिनं जवळजवळ पाठ केला. दुसरा रमजानच्या धांदलीत राहून गेला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तनुजा आली.

एप्रिलची तेरा तारीख. सकाळी साडेनऊला होस्टेलचा रेक्टर ईश्वरप्पा तिला रिक्षातून घेऊन आला. सतरा वर्षांची, इस्लापूरकडची पोर. पोटाच्या उजव्या बाजूला हात लावू देत नव्हती. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं निघालं. सरांनी सांगितलं, "अजून फुटलेलं नाही. लगेच काढून टाकू. तीन दिवसांत सुट्टी."

पोरीनं सुमय्याचा हात धरला. "सिस्टर, नीटची परीक्षा सात मेला हाय. तवर बसता येईल ना मला?"

"आरामात बसशील," सुमय्या म्हणाली.

सव्वादहाला ईश्वरप्पानं फायलीतून कागद काढला आणि खिशातल्या पेनानं त्यावर 'अपेंडिक्स' असं लिहायला घेतलं. सुमय्यानं कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

"ही सही कधीची?"

"जूनची. सगळ्यांचीच हाय की."

"जूनमध्ये हिचं अपेंडिक्स दुखत होतं का? हा कागद कायद्यात चालत नाही, ईश्वरप्पा. पोरगी अठराच्या आत आहे. बापाला सगळं सांगून त्याची सही पाहिजे."

बोलली ते चूक नव्हतंच. म्हणून तर पुढचं सगळं घडलं. सरांच्या डोळ्यांपुढं फुटलेल्या काचा आल्या. सलाईन आणि अँटिबायोटिकवर तीन-चार तास काढता येतील, असं म्हणून ते ओपीडीत जाऊन बसले. आता कुणी म्हणेल, सर्जन कोण होता, निर्णय कुणाचा? खरंय. पण भ्यालेला माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकायला फार लवकर तयार होतो, आणि सुमय्याला त्या दिवशी आपला खांदा मजबूत वाटत होता.

बापाचं नाव श्रीमंत. तो शेतात, फोन उचलत नव्हता. निरोपावर निरोप गेले तेव्हा साडेअकराला त्याचा फोन आला. सुमय्यानं सगळं समजावून सांगितलं. तो लगेच म्हणाला, "करून टाका, बाई. माजी वाट नका बगू. मी निघूनच राहिलो."

"तसं तोंडी चालत नाही, दादा. सही लागते."

"मंग येतो. लगेच येतो."

इस्लापूरहून नांदेड, नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर. नकाशावर बोटभर दिसतं. शेजाऱ्याची जीप मिळायलाच बारा वाजले. इकडं दर अर्ध्या तासानं सुमय्या नाडी पाहत होती, लिहीत होती. रोजा होता, घसा कोरडा पडला होता, तरी पोरीशी गोड बोलत होती. सव्वादोनला तनुजा म्हणाली, "सिस्टर, दुखायचं थांबलं." आणि हसली.

वीस वर्षं नर्स असलेल्या बाईला त्या हसण्याचा अर्थ कळतो. असं दुखणं एकाएकी थांबलं तर ते बरं झालेलं नसतं, आत फुटलेलं असतं. सुमय्या धावत सरांकडं गेली. सरांनी शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं, 'जिवाला धोका' असं लिहून दोघांनी आपल्या सह्या ठोकल्या आणि अडीचला पोरीला आत नेलं. बापाच्या सहीवाचून. म्हणजे इतका वेळ थांबून मिळवलं काय, तर पोटभर पू.

श्रीमंत सव्वासहाला पोचला, सोबत बायको साखराबाई. सरांनी त्याला केबिनमध्ये बसवलं. सुमय्या दारातच उभी होती. सर मऊ आवाजात म्हणाले, "आम्ही तुमची वाट बघत थांबलो होतो. तुम्हाला यायला उशीर झाला. जीव वाचलाय, पण पंधरा-वीस दिवस इथंच राहावं लागेल. यंदाची परीक्षा विसरा." श्रीमंतनं हात जोडले. "माजीच चूक. फोन झाडाला टांगून ठेवून पाणी देऊन राहिलो होतो," म्हणाला आणि ढसाढसा रडला. साखराबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

बाहेर आल्यावर सर सुमय्याला म्हणाले, "नातेवाईक वेळेवर उपलब्ध नव्हते, असं लिहा. कागद पक्का ठेवा." तिनं लिहिलं. त्यात शब्दही खोटा नव्हता, आणि तिला आपल्याच अक्षराची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कपडे बदलायच्या खोलीत, तिनं संमतीच्या धड्याचा राहिलेला दुसरा भाग मोबाईलवर लावला. बावीस मिनिटांचा. जिवाला धोका असेल आणि संमती मिळवायला वेळ नसेल, तर डॉक्टरनं सद्‌भावनेनं केलेल्या उपचाराला कायदा गुन्हा मानत नाही. पालक दूर असतील तर फोनवर, साक्षीदारापुढं होकार घ्यावा, वेळ टाकून नोंद करावी, आणि थांबू नये. थांबू नये, हे त्या मास्तरांनी दोनदा म्हटलं. सुमय्यानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. इंग्रजी कळलं नव्हतं म्हणून नव्हे.

साडेअकराला बाप हो म्हणाला होता. शेजारी ईश्वरप्पा उभा होता. एवढं पुरेसं होतं.

तीन दिवस ती हे गिळून वावरली. वॉर्डात जावं तर श्रीमंत उठून उभा राहायचा, "बाई, तुमी लई केलं," म्हणायचा. नवराबायको बोलेनासे झाले होते, हे पूर्ण वॉर्डाला दिसत होतं. बाई पोरीच्या उशाशी, बाप बाहेर बाकावर. नोकरीचं भय होतंच. सरांनी बजावलं होतं, "आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ नका." पण नोकरीपेक्षाही तिला लाज खात होती. इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारायला शिकवणारी ती, आणि विचारून मिळालेला होकारच तिनं परत पाठवला होता.

चौथ्या दिवशी रोजा सोडल्यावर तिनं अम्मीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान अम्मी तरी पाठीशी घालेल. बांगड्यांच्या धंद्यानं अम्मीची अर्धी भाषा मराठी झालेली. खजुराची बी बाजूला ठेवत ती म्हणाली, "तंबूत मला इचारलं असतं ना, मी न्हाईच म्हणले असते. मरून गेले असते. तुजी शादी बी बघायला मिळाली नसती."

"मग तीस वर्षं बोलत का आलीस?"

"कापायच्या आधी न्हाई गं, येडे. नंतर. नंतर तरी एकानं येऊन, समोर बसून सांगायचं होतं, का कापला. कोई आये नै."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीमंत बाहेरच्या नळावर डबा धूत होता. सुमय्या त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि श्वास न घेता बोलून गेली. उशीर तुमचा नव्हता. तुम्ही फोनवर हो म्हणालात तेच पुरेसं होतं. मला कायदा अर्धाच येत होता, आणि मी तो पुरा येत असल्यासारखी वागले. थांबवलं मी.

श्रीमंतनं डब्याचं झाकण पुसून घट्ट बसवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आत चला," तो म्हणाला. "हेच तिच्या मायला सांगा. पाच दिस झाले, माज्याशी बोलून न्हाई राहिली."

आत तनुजा जागी होती. नाकात नळी, उशाशी जाडजूड पुस्तक, न उघडलेलं. सुमय्यानं तिच्यादेखतच पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सावकाश. साखराबाई ऐकत होती.

"ह्यांनी कवा हो म्हणलं?"

"साडेअकराला."

"अन् पोरीला आत कवा नेलं?"

"अडीचला."

साखराबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. तनुजानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग साखराबाई नवऱ्याकडं वळली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"सकाळपून काई खाल्लं का?"

तो न्हाई म्हणाला. तिनं पिशवीतून भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. मग सुमय्याकडं न बघता म्हणाली, "बाई, पोरीची सलाईन बदलायला दुसऱ्या कुनाला तरी पाठवा."

सुमय्यानं मान हलवली आणि ती दुसऱ्या सिस्टरला बोलवायला गेली.