लाइसानीच्या चार डिस्क

लाइसानीला भित्री म्हणणाऱ्यांनी तिला एकदा सर्व्हरशी भांडताना ऐकावं. "अगं बये, कालच जागा करून दिली ना? आज परत भरलीस?" उकडलेला कसाव्याचा कंद चघळत ही पोरगी लेवुका बंदरातला आमचा अख्खा ध्वनिसंग्रह एकटी सांभाळायची. गावोगावच्या म्हाताऱ्यांची गाणी मी रेकॉर्ड करून आणायचो, ती जपायची. होडी लोटतानाचं गाणं पुरतं येणारी शेवटची बाई म्हणजे माझी आई. जायच्या आधी तिने ते मला म्हणून दिलं, आणि ते रेकॉर्डिंग याच संग्रहात होतं.

एका डिस्कवर एवढं मावेना, म्हणून लाइसानीने चार डिस्क जोडून एकच साठा केला होता. चार जावांनी एक चूल मांडावी तसा. जागा कमी पडली की नवी डिस्क जोडायची, काम थांबवायचं नाही. फक्त एखाद्या गाण्याचा अर्धा भाग एका डिस्कवर आणि उरलेला दुसरीवर, असंही व्हायचं.

आमचे संचालक अपेनिसा. नातलगाने मागितलं की नाही म्हणायचं नाही ही आमची रीत, मला मान्य. पण द्यायचं ते स्वतःचं द्यावं ना! हे साहेब हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे. सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत ठेवलेल्या वेगळ्या डिस्क त्यांनी आधीच मेव्हणीला देऊन टाकल्या होत्या. आता चुलतभावाला पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी एक डिस्क हवी होती.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "एका डिस्कएवढी जागा मोकळी दिसतेय की. चौथी काढून दे."

"साहेब, जागा साठ्यात मोकळी आहे, चौथी डिस्क मोकळी नाही. तिच्यावरचं आधी बाकीच्या तिघींवर हलवायला लागेल. उद्या देते."

"बोट आज सुटतेय, बाई!"

"मग पुढच्या बोटीने न्या म्हणावं."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं तिने, मी शेजारीच उभा होतो. आम्ही जेवायला गेलो आणि या शहाण्याने चालू मशीनमधून डिस्क उपसली. चुलतभावाने बोटीवरच ती पुसून कोरी केली.

लाइसानीने वाचवता आलं तेवढं वाचवलं. आईच्या गाण्याची सुरुवात मिळाली. गडी होडीला खांदा लावतात, तिथे आवाज तुटतो. पुढे काही नाही. मेल्यांनो, माझी आई दुसऱ्यांदा नेलीत!

आणि रविवारी दारात कोण यावं? लाइसानी, हातात देवमाशाचा दात घेऊन. आमच्याकडे अपराध करणाऱ्याने माफीसाठी असा दात आणून गुडघे टेकायचे. समोरच्याने तो घेतला की विषय मिटला, परत कुणी तोंड उघडायचं नाही. मागे कुंपणाशी साहेब उभे.

"मामा, साहेब म्हणाले, मशीन तुझं, तर चूकही तुझीच." पोरीने दात पुढे करून गुडघे टेकले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो दात घेतला असता तर जन्मभर तीच गुन्हेगार ठरली असती.

"ऊठ. तुझ्या हातून मी घेणार नाही." मग कुंपणाकडे ओरडलो, "अहो साहेब, डिस्क काढताना हिचं ऐकलं नाहीत, आणि गुडघे टेकायला बरी हीच सापडली!"

"दात कुणीही दिला तरी एकच," ते पुटपुटले.

लाइसानी उठली. कुंपणापाशी जाऊन तिने दात त्यांच्या हातात ठेवला आणि परत येऊन माझ्या शेजारी चटईवर बसली. साहेब तिथेच घुटमळत होते. आम्ही दोघं त्यांच्या गुडघ्यांची वाट बघत बसलो.