वाकड्या तुळईची तळटीप

लाकूड दिसलं की ताई बोट वाकवून त्यावर दोनदा टकटक करत. जेवणाचं टेबल असो की बसथांब्याचं बाक. हे जरा वाकडं आहे असं कुणी म्हटलं, तर त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "वाकडं आहे. पडलं का?"

नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत, उरलेल्या वेळात पीएचडी करत. विषय : मंगोलांनी चीन जिंकल्यानंतर तिथे उभी राहिलेली लाकडी मंदिरं. मी पुण्यात बारा वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली होती. विषय ऐकून मी विचारलं, यात बातमी काय? तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकार' झालो. माझं नाव त्यांनी पुन्हा वापरलं नाही.

बातमी अशी होती. शान्शी प्रांतातल्या सुतारांनी सभामंडपातले खांब कमी केले, आतली जागा मोकळी केली, आणि छपराचं ओझं पेलायला न तासलेले वाकडे ओंडकेच तुळया म्हणून घातले. अनेक अभ्यासकांनी याला ऱ्हास म्हटलं. परकी राजवट आली, चांगलं लाकूड संपलं, हात बिघडले. ताईंना हे मान्य नव्हतं. सुतारांनी विचार करून घातलेत, असं त्या म्हणत. पण पुरावा नव्हता.

साथ आली, सीमा बंद झाल्या, तुळया मोजायला जायचं राहून गेलं. मग ताईंनी सभामंडपाचा छोटा नमुना घरातच बांधायला घेतला. वादळात पडलेल्या फांद्या सायकलवरून आणल्या. त्या दिवसांत इथे घरी रोज एकच पाहुणा चालत असे. शनिवारचा पाहुणा मी. माझं काम एकच, दहा किलो तांदळाची पिशवी छपरावर ठेवायची.

तीन शनिवार छप्पर खाली आलं. तिसऱ्या वेळी नागपूरहून त्यांचे वडील व्हिडिओ कॉलवर बघत होते. चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसाने आयुष्यभर इमारतींना बांबूच्या परांच्या बांधल्या होत्या. ते म्हणाले, "उताणं कावून घातलं बाई त्याले? पालथं घाल. पाठ वर ठेव, मग घेते ते वजन."

ताईंनी फांद्या फिरवल्या. मी पिशवी ठेवली. छप्पर करकरलं आणि थांबलं. मग आम्ही मंदिरांचे फोटो एकेक करून पाहिले. जिथे ओंडका वाकडा, तिथे पाठ वर. हे फोटो सहा वर्षं त्यांच्या भिंतीवर होते.

"तपासणीचा पगार घेते मी," ताई म्हणाल्या.

प्रबंधात त्यांनी हे लिहिलं आणि खाली तळटीप दिली. वडिलांचं पूर्ण नाव, पुढे 'परांची बांधणारे, नागपूर'.

परीक्षक समितीतल्या एका प्राध्यापकांनी ती काढायला सांगितली. चीन न पाहिलेल्या मजुराची तोंडी माहिती हा दाखला होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका तळटीपेसाठी सहा वर्षं पणाला लावू नका, असं मार्गदर्शकांनीही समजावलं. त्याच आठवड्यात नागपुरात दुसऱ्या लाटेत वडील गेले. विमानं बंद होती. ताईंनी अंत्यविधी फोनवर पाहिला. मग प्राध्यापकांचं दुसरं पत्र आलं : माहिती देणारी व्यक्ती हयात नसल्याने आता पडताळणीही शक्य नाही.

डेस्कवरच्या सवयीने मी तोड सुचवली. "ताई, नाव आभारात घाला. वाद मिटेल."

"आभारात चहा देणाऱ्यांची नावं घालतात, पत्रकार. बाबांनी उत्तर दिलं. त्यांचं नाव उत्तराखालीच राहील."

समितीला त्यांनी एका ओळीत कळवलं की तळटीप राहील, पुढचा निर्णय तुमचा. समितीने प्रबंध बहुमताने स्वीकारला.

इथे जाहीर परीक्षेत उमेदवाराच्या बाजूला दोन सोबती उभे करतात. त्यातला एक मी होतो, भाड्याच्या काळ्या कोटात. खुर्च्या रिकाम्या, परीक्षक पडद्यावर. बरोबर पाऊण तासाने विद्यापीठाची दंडधारी अधिकारी आत येते आणि वेळ संपल्याचं लॅटिनमध्ये पुकारते. मग वाक्य अर्धं असलं तरी उमेदवाराने थांबायचं, असा रिवाज.

शेवटचा प्रश्न त्याच प्राध्यापकांचा होता. असा दाखला विद्यापीठाने का मानावा?

ताईंनी समोरच्या मेजावर दोनदा टकटक केली. त्या इंग्रजीत बोलल्या, सावकाश. "त्या सुतारांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून त्यांना अडाणी ठरवणं सोपं गेलं. या माणसाचं नाव मी…"

दार उघडलं. दंड जमिनीवर आपटला. वेळ संपल्याचं पुकारलं गेलं.

"…लिहिलं आहे," ताई म्हणाल्या, आणि मग थांबल्या.

पदवी घेऊन त्या नागपूरला शिकवायला गेल्या. सभामंडप सामानात मावला नाही. तो माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि तांदळाची पिशवी त्यावरच असते. एक संपली की दुसरी ठेवतो. नवा पाहुणा आला की तो म्हणतो, हे वाकडं आहे.

मी बोट वाकवून दोनदा टकटक करतो आणि तो छपराकडे पाहेपर्यंत थांबतो.